मुलांच्या मनाचें दुखणें आणि तें ओळखण्याचा इतिहास



मुलांच्या स्वभावाला नांवें ठेवण्याच्या बाबतींत आपली मराठी भाषा मोठी संपन्न आहे. फार बोलणारें मूल वाचाळ, न बोलणारें घुमें, एका जागीं न बसणारें अवखळ, न ऐकणारें हट्टी, खोड्या करणारें द्वाड, उशिरां शिकणारें मंद, आणि भोळें दिसलें तर खुळें. यांतील कोणताहि शब्द मुलाला चिकटवणें सोपें असतें, आणि एकदां चिकटला कीं तो सहसा सुटत नाहीं. परंतु यांपैकीं एकहि शब्द असा नाहीं, कीं ज्यांतून या मुलाला कांहीं तरी दुखत आहे असा अर्थ निघावा. अंग तापलें तर आपण मुलाच्या कपाळाला हात लावतों; मन पोळलें तर मात्र त्याच्या स्वभावाला दोष देतों. मुलाच्या मनाचें दुखणें हें दुखणें म्हणून ओळखावयास माणसें केव्हां व कशीं शिकलीं, हा आजचा विषय आहे. तो आपण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांच्या आधारानें पाहूं. ओळखण्यांतील बहुतेक अडचणी या जिल्ह्यांत एकत्र सांपडतात, आणि त्यांवर मात करण्याची एक चांगली रीतहि याच भूमींत निपजली आहे.

हे दोन जिल्हे पूर्वीं एकच होते. भोसल्यांचें नागपूरचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें तेव्हां चांदा इंग्रजी अमलाखालीं आला, आणि १८६१ मध्यें मध्यप्रांताची रचना झाल्यावर तो त्या प्रांतांत गणला जाऊं लागला. १९६४ मध्यें चांद्याचें नांव चंद्रपूर झालें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. इंग्रजी राज्याबरोबर वेडासंबंधींचा कायदाहि आला. १८५८ च्या कायद्यानें वेड्यांच्या इस्पितळांचे नियम ठरले, आणि १८६४ मध्यें नागपुरास असें एक इस्पितळ उघडलें. तेंच आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालूं आहे. त्या काळीं अशा संस्थांचा हेतु मुख्यतः बंदोबस्ताचा होता. जो माणूस वाटेंत भटकतो, दंगा करतो, ज्याच्यापासून कोणाला इजा होईल अशी भीति वाटते, त्याला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढें नेत आणि मॅजिस्ट्रेट त्याला इस्पितळांत धाडी. या चाळणींत मूल कसें अडकणार? सात वर्षांचें पोर रात्रीं दचकून उठतें, जेवण टाकतें, कोणाशीं बोलत नाहीं, यापासून सार्वजनिक शांततेला कांहींच धोका नव्हता. त्यामुळें कायद्याची नजर त्याच्यावर पडण्याचें कारणच उरलें नाहीं.

सरकारपाशीं पाहण्याचें दुसरें साधन होतें, तें म्हणजे शिरगणती. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतींत व्यंगांचा एक रकाना असे. घरांत कोणी वेडा, जन्मतः मुका-बहिरा, दोन्ही डोळ्यांनीं आंधळा किंवा महारोगी आहे काय, हा प्रश्न गणना करणारा दारांत उभा राहून विचारी. उत्तर देणारा बहुधा बाप असे. आपल्या लहान मुलाचें व्यंग अनोळखी माणसापुढें कबूल करण्यास आईबाप तयार नसतात, ही अडचण शिरगणतीच्या अहवालांतहि नोंदलेली आढळते. शिवाय प्रश्नांतच उणीव होती. त्यांत वेडा आणि शहाणा असे दोनच वर्ग होते. बुद्धीनें मागें पडलेलें मूल, अपस्मारानें पछाडलेलें मूल, दुःखानें मूक झालेलें मूल आणि नुसतेंच लाजाळू मूल यांना वेगवेगळा रकाना नव्हता. १९४१ च्या गणनेंत हा प्रश्न वगळला गेला. पन्नास वर्षें सरकारनें विचारणा केली, तरी मुलांच्या मनासंबंधीं तींतून फारसें कांहीं हातीं लागलें नाहीं.

मग अरण्यांतील गांवाला तरी मुलाचा त्रास दिसत होता काय? दिसत होता, असेंच म्हणावें लागेल. काल हंसणारें-खेळणारें मूल आज कोपऱ्यांत बसलें, झोंपेंत ओरडूं लागलें किंवा एकाएकीं थरथरून पडलें, तर ती गोष्ट लहान गांवांत लपत नसे. त्याचा अर्थ मात्र दृष्ट, करणी किंवा रुसलेला देव असा लावला जाई, आणि मुलाला पुजाऱ्याकडे नेलें जाई. या समजुतींना हंसणें सोपें आहे. त्यांनीं नुकसानहि पुष्कळ केलें. मेंदूंत शिरलेला हिवताप किंवा अपस्मार यांवर उपचार होण्याचा वेळ दवंडला जाई, आणि कोणा निराधार बाईवर करणीचा आळ येऊन तिचे हाल होत. तथापि या जुन्या दृष्टींत एक गुण होता, तो आपण विसरूं नये. मुलांत पालट झाला आहे हें ती ओळखत असे, आणि त्या पालटाचा दोष मुलाच्या माथीं मारीत नसे. त्रास मुलाला झालेला आहे, मूल स्वतः त्रास नव्हे, असें त्या समजुतीच्या मुळाशीं होतें.

गोटुलाचीहि गोष्ट येथें सांगितली पाहिजे. व्हेरियर एल्विन यांनीं शेजारच्या बस्तरमधील मुरिया लोकांच्या गोटुलाचें विस्तृत वर्णन १९४७ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून बाहेरच्या जगानें या संस्थेविषयीं नाहीं नाहीं त्या कल्पना केल्या. गडचिरोलींतील माडिया आणि गोंड गांवांतहि गोटूल आहे. त्याचें रूप गांवोगांव सारखें नाहीं. पण गाणीं, नाच, गांवचीं कामें आणि गांवचा विचारविनिमय यांसाठीं एकत्र जमण्याची ती जागा. जेथें मुलें अशीं नेहमीं जमतात, तेथें न येणारें मूल लागलीच कळून येतें. पाहणारे डोळे पुष्कळ असले म्हणजे एका डोळ्याची चूक दुसरा सुधारतो. पुढें शाळा आली तेव्हां हे पुष्कळ डोळे जाऊन मास्तरांचे दोनच डोळे उरले.

शाळेनें मुलांकडे पाहण्याचें एक नवें माप आणलें. चाळीस मुलें एका वर्गांत बसलीं, सर्वांना एकच धडा दिला, कीं मागें राहणारें मूल उठून दिसतें. मुलांच्या मानसिक अडचणींचें शास्त्र शाळेच्या आसऱ्यानें वाढलें याचें कारण हेंच. १८९६ मध्यें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें लाइटनर विटमर यांच्याकडे एका शिक्षिकेनें आपला एक विद्यार्थी आणला. मुलगा इतर बाबतींत चांगला होता, पण त्याला शब्दांचीं अक्षरें कांहीं केल्या जुळवतां येत नसत. तपासणी केली तों त्याच्या दृष्टींतहि दोष निघाला. या मुलापासून जगांतील पहिलें मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू झालें असें मानतात. शिक्षिकेनें त्याला आळशी म्हणून वर्गाबाहेर काढलें नाहीं. याला असें कां होतें, असा प्रश्न तिनें विचारला. सर्व शास्त्राचा आरंभ त्या एका प्रश्नांत आहे.

पुढें १९०५ मध्यें फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनीं बुद्धिमापनाच्या कसोट्या रचल्या. ज्या मुलांना शाळेंत विशेष मदत लागेल तीं शोधून काढावीं, एवढाच त्यांचा मूळ उद्देश होता. पण साधन एकदां लोकांच्या हातीं गेलें कीं त्याचा उपयोग साधन करणाऱ्याच्या इच्छेप्रमाणें होतोच असें नाहीं. मदतीसाठीं काढलेला आंकडा पुष्कळ ठिकाणीं मुलाच्या कपाळावरचा शिक्का बनला. आपल्याकडे वि. वि. कामत यांनीं या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांसाठीं नव्यानें बसवल्या व त्यासंबंधींचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्यें प्रसिद्ध झाला. परदेशी प्रश्न जसेचे तसे भाषांतरून भागत नाहीं. मुलाची भाषा आणि त्याचें परिचित जग यांतूनच प्रश्न घेतले पाहिजेत, हा धडा त्या कामानें दिला. परंतु चांद्याच्या अरण्यांतील माडिया मुलाची घरची भाषा मराठीहि नाहीं आणि कानडीहि नाहीं. त्याच्यासाठीं कसोटी कोठें होती? त्याच्यापुढें आलें तें मराठी पुस्तक, आणि त्याचा निकाल लागला तोहि मराठींत.

बुद्धीच्या मापानें सर्व कळत नाहीं, हें दरम्यान इतरत्र ध्यानांत येत होतें. शिकागो येथें विल्यम हीली यांनीं १९०९ मध्यें बालगुन्हेगारांचा अभ्यास सुरू केला. चोरी करणाऱ्या, पळून जाणाऱ्या मुलांचीं घरें, आजार आणि दुःखें यांची चौकशी करतां करतां असें दिसलें, कीं वर्तन हें पुष्कळदां मुलाच्या न बोललेल्या तक्रारीचें रूप असतें. यांतून पुढें बालमार्गदर्शनाची चळवळ निघाली. हिंदुस्थानांतील या प्रकारचें पहिलें केंद्र १९३७ मध्यें मुंबईस, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयांत उघडलें. तें विद्यालय आदल्याच वर्षीं स्थापन झालें होतें. या केंद्रांच्या पद्धतींत डॉक्टर मुलाचें शरीर व मन तपासी, मानसशास्त्रज्ञ त्याची समज पाही, आणि समाजसेवक त्याच्या घरीं जाऊन आईबापांशीं बोले. तिघांचें मत एकत्र आल्यावांचून निर्णय होत नसे. गोटुलाच्या पुष्कळ डोळ्यांचें तत्त्व निराळ्या वेषांत मुंबईला परत आलें, असें म्हटलें तरी चालेल.

पण अरण्यांतील मूल मुंबईस जाणार नव्हतें. मुंबईची दृष्टि अरण्यांत यावयास हवी होती. आदिवासी मुलांच्या बाबतींत ही दिशा महाराष्ट्रांत प्रथम ठळकपणें दाखवली ती ताराबाई मोडक यांनीं. १९४५ मध्यें त्यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें, आणि १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वारली मुलें शाळेंत येत नाहींत, अशी तक्रार होती. कारण शोधलें तेव्हां दिसलें कीं तीं गुरें राखतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. मग शाळाच कुरणांत गेली, आणि कुरणशाळा हा नवा शब्द मराठींत आला. गैरहजेरी हा मुलाचा दुर्गुण नसून त्याच्या जीवनाची खूण आहे, हें ज्यानें ओळखलें त्यालाच उपाय सुचला.

चांद्याकडे शाळा निराळ्या रूपानें आली. विखुरलेल्या पाड्यांवरील मुलांसाठीं महाराष्ट्र सरकारनें १९७२-७३ पासून आश्रमशाळांची योजना विस्तारली. १९७३ च्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं भामरागड भागांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें दवाखाना चालवला, आणि १९७६ मध्यें तेथें निवासी शाळाहि निघाली. सहा-सात वर्षांचें मूल आई, नदी, गुरें आणि आपली भाषा सोडून वसतिगृहांत येतें; तेथें घंटेवर उठावयाचें, रांगेंत बसावयाचें, आणि ज्या भाषेंतला शब्दहि कळत नाहीं तींत उत्तर द्यावयाचें. माडिया ही गोंडीच्या कुळांतली द्राविडी भाषा आहे. मराठीशीं तिचें व्याकरण जुळत नाहीं. अशा मुलानें पहिले कांहीं महिने तोंड मिटून घेतलें, रात्रीं अंथरूण ओलें केलें किंवा जंगलाची वाट धरून घर गांठलें, तर त्यांत नवल काय? हें मूल मंद नव्हे आणि द्वाडहि नव्हे. तें परक्या मुलखांत आलें आहे. स्वतःच्या भाषेंतलीं दोन वाक्यें ऐकवलीं कीं त्याचें मौन बहुधा सुटतें. धानोरा तालुक्यांतील मोहगाव येथें ग्रामसभेनें २०१९ मध्यें गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती याच जाणिवेनें.

परंतु येथें दुसरी चूक दबा धरून असते. आदिवासी मुलें लाजाळूच असतात, असें एकदां ठरवलें कीं जें मौन खरोखर आजाराचें आहे तेंहि नजरेआड होतें. एक मूल भाषा न समजल्यानें गप्प असतें. दुसरें कानानें ऐकूं येत नसल्यानें. तिसरें जन्मापासून माणसांशीं संवाद सांधण्यांतच वेगळें असल्यानें. चौथें घरीं मृत्यु झाल्यानें. आणि पांचवें कोणी धाक घालून अत्याचार केल्यानें. बाहेरून पाहतां पांचहि मौनें सारखींच. यांतील तिसऱ्या प्रकाराला लिओ कॅनर यांनीं १९४३ मध्यें अकरा मुलांच्या अभ्यासावरून आत्ममग्नता हें नांव दिलें. नांव मिळण्यापूर्वींहि अशीं मुलें होतींच. फक्त त्यांना खुळीं म्हणत. तेव्हां गप्प बसणें या एका लक्षणावरून कांहींच ठरत नाहीं. मग ठरवावें कशावरून?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना गडचिरोलीच्याच एका प्रयोगाचा आधार घेतां येतो. तो मनाविषयीं नव्हता, अर्भकांच्या प्राणांविषयीं होता; पण त्यांतील युक्ति आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ च्या सुमारास गडचिरोलींत सर्च ही संस्था उभी केली. न्यूमोनियानें मुलें दगावत होतीं आणि डॉक्टर दूर होते. तेव्हां गांवच्या सुइणींना आणि आरोग्यसेवकांना न्यूमोनिया ओळखावयास शिकवलें. मोठी संख्या मोजतां न येणाऱ्या सुइणीसाठीं एक साधें उपकरण केलें: एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि त्याच्याशेजारीं मणी. बाळाचे दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचें. शंभराहून अधिक गांवांत केलेल्या या कामाचे निष्कर्ष १९९० मध्यें लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत आले. बालमृत्यु घटले होते.

पुढें नवजात बाळांसाठीं आरोग्यदूतांची योजना झाली, आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्यें त्याच नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. बाळाच्या रक्तांत जंतुदोष झाला आहे हें प्रयोगशाळेवांचून कसें ओळखावें? त्या कामांतून सात लक्षणें निश्चित झालीं, आणि त्यांतील कोणतींहि दोन एकाच वेळीं दिसलीं तर उपचार करावा असें ठरलें. त्यांतील पहिल्या तिहींची शब्दयोजना लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. पूर्वीं चांगलें रडणारें बाळ क्षीण रडूं लागलें किंवा रडेनासें झालें. पूर्वीं तरतरीत असलेलें बाळ सुस्त झालें. पूर्वीं नीट अंगावर पिणारें बाळ कमी पिऊं लागलें. प्रत्येक ठिकाणीं पूर्वीं हा शब्द आहे. बाळाची तुलना दुसऱ्या बाळाशीं नाहीं, कोणत्याहि तक्त्याशीं नाहीं. त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशीं आहे. आणि कालची स्थिति ठाऊक असलेली तज्ज्ञ एकच, ती म्हणजे त्याची आई.

मुलांच्या मनालाहि हाच न्याय लावला पाहिजे. मनासाठीं मण्यांचें उपकरण नाहीं, पण चार प्रश्न आहेत. हें मूल पूर्वींपेक्षां बदललें आहे काय? हा बदल कांहीं आठवडे टिकून आहे काय? तो घरीं, शाळेंत आणि खेळांत अशा एकाहून अधिक ठिकाणीं दिसतो काय? आणि त्यामुळें त्याचें खाणें, झोंपणें, शिकणें किंवा मित्रांत मिसळणें अडतें आहे काय? एका दिवसाचें रुसणें किंवा परीक्षेपूर्वींची धास्ती यांत काळजी करण्यासारखें नाहीं. पण दोन-तीन आठवडे मूल खेळांत येत नाहीं, आवडीचें खात नाहीं, रात्रीं दचकतें, पूर्वीं कोरडें राहणारें अंथरूण पुन्हा ओलें करतें, विनाकारण चिडतें किंवा रडतें, पोट वा डोकें दुखतें म्हणून रोज शाळा टाळतें, स्वतःला चावतें किंवा ओरखडतें, तर त्याला रागावण्यापूर्वीं विचारपूस करावी. मरणाची भाषा मुलाच्या तोंडीं आली तर ती नाटक समजूं नये. त्याच दिवशीं त्याच्याजवळ बसावें, त्याला एकटें सोडूं नये आणि मदत मिळवावी.

अगदीं लहान मुलांच्या बाबतींत मात्र कालची स्थिति पुरेशी होत नाहीं. तेथें वाढीचा सर्वसाधारण क्रमहि पाहावा लागतो. वर्षाचें मूल हांक मारल्यावर वळत नाहीं किंवा बोबडे स्वर काढीत नाहीं, दोन वर्षें झालीं तरी दोन शब्द जोडून बोलत नाहीं, अथवा आलेले शब्द हरवून बसतें, तर बोलेल पुढें मागें असें म्हणून थांबूं नये. आणि हे शब्द त्याच्या घरच्या भाषेंतले मोजावे, अंगणवाडीच्या नव्हे.

मन तपासण्यापूर्वीं शरीर तपासणें, ही विटमर यांच्या काळापासूनची शिकवण या जिल्ह्यांत तर विशेष पाळली पाहिजे. येथें सिकलसेलचा आजार आढळतो. त्यांत सांधे व हाडें असह्य दुखतात, आणि कधीं कधीं मेंदूच्या सूक्ष्म भागांचा रक्तपुरवठा तुटून मुलाची समज व लक्ष मंदावतें, तरी बाहेरून कांहींच दिसत नाहीं. दक्षिण गडचिरोलींत हिवताप जुना आहे. मेंदूपर्यंत गेलेल्या हिवतापांतून वांचलेल्या कांहीं मुलांत पुढें अभ्यासांत मागें पडणें, चिडखोरपणा किंवा झटके दिसतात. अपस्माराचा एक प्रकार असा, कीं मूल कांहीं क्षण टक लावून थांबतें व पुन्हा कामाला लागतें. मास्तरांना तें दुर्लक्ष वाटतें. रक्ताची उणीव, कानांतला पू, अधू डोळे, हीं तर नेहमींचींच. अशा मुलाला छडीनें काय शिकवणार?

शरीर निर्दोष निघालें तर घराकडे पाहावें. चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यांत वाघाच्या हल्ल्यांत माणसें दगावतात. मोहफुलें किंवा सरपण आणावयास गेलेली आई परत येत नाहीं. गडचिरोलीनें १९८० नंतर कित्येक दशकें बंदुकांच्या दोन बाजूंमधलें भय पाहिलें. दारूनेंहि घरें मोडलीं. बायकांच्या आणि गांवांच्या आंदोलनानंतर गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ मध्यें दारूबंदी झाली ती उगीच नव्हे. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा तर शाळकरी मुलांच्या खिशांतहि सांपडतो. अशा घरांतलें मूल वर्गांत मारामारी करूं लागलें किंवा सर्वांपासून तुटलें, तर त्याच्या वर्तनाचा अर्थ त्याच्या प्रगतिपुस्तकांत लिहिलेला नसतो.

आज साधनें पूर्वींपेक्षां अधिक आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्यें महाराष्ट्रांतील पालघर येथून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी असून वाढींतला विलंब हाहि तपासणीचा विषय आहे. अंगणवाडींत वर्षांतून दोनदां आणि शाळेंत एकदां वैद्यकीय पथक यावें अशी योजना आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला, आणि रुग्णालयांत अल्पवयीनांना मोठ्या रुग्णांपासून वेगळें ठेवलें पाहिजे असें ठरवलें. १८५८ च्या कायद्यापासून येथवरचें अंतर थोडें नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनिसेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर केव्हांहि, मराठींतहि बोलतां येतें.

परंतु पथक वर्षांतून एकदोनदांच येतें, तेंहि अनोळखी माणसांचें. आणि भामरागड किंवा सिरोंच्याहून नागपूर आजहि लांबच आहे. मधले सर्व दिवस मुलाला पाहणारे लोक म्हणजे आई, आजी, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, मास्तर आणि वसतिगृहाचे अधीक्षक. निदान करणें हें त्यांचें काम नव्हे, तें तज्ज्ञांवर सोंपवावें. त्यांचें काम त्याच्या अगोदरचें आहे. मूल पूर्वीं कसें होतें हें लक्षांत ठेवणें, बदल दिसला कीं तो त्याच्या भाषेंत त्याला विचारणें, आणि पथक आल्यावर किंवा दवाखान्यांत गेल्यावर तो बदल केव्हांपासून आहे हें नेमकें सांगणें. आश्रमशाळेच्या दाखलनोंदींत मुलाचें नांव, गांव आणि जन्मतारीख लिहितात. तेथेंच, दाखल करावयास आलेल्या आईला विचारून, आणखी चार ओळी लिहून ठेवाव्या: हें मूल घरीं कोणती भाषा बोलतें, किती बोलतें, काय खेळतें, कशाला भितें. पुढें कधीं काळीं तें गप्प झालें, तर त्या चार ओळींच्या आधारानें कोणालाहि ठरवतां येईल, कीं हें मूल असेंच आहे, कीं त्याला कांहीं तरी झालें आहे.